बंगल्याच्या हिरवळीवर गहू!

तुमच्यापैकी कितीजणांना नाणी जमवण्याचा नाद आहे? असेल तर आपली डबी जरा उपडी करा आणि पाच रुपयांची नाणी वेगळी काढा. त्यात २०१० सालचं, एका वयस्कर गृहस्थांचा चेहरा असलेलं नाणं सापडलं तर ते नीट पाहा. ते सी. सुब्रमण्यम यांच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेलं नाणं आहे. नाव वाचून तुम्ही म्हणाल, "असतील कोणीतरी दक्षिणेकडचे पुढारी!"

दक्षिणेकडचे तर खरेच. पण हेच गृहस्थ १९९० ते १९९३ अशी जवळजवळ तीन वर्षं आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तुमच्या आईबाबांनी शाळेत सामान्यज्ञानाच्या पेपरात 'महाराष्ट्राचे राज्यपाल कोण?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांचं नाव लिहिलंही असेल. आणि आज मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी तुम्ही खाल्लीत ना, तिच्याशीही त्यांचा फार जवळचा संबंध आहे. तो कसा, हे कळायला साठ वर्षं मागं जावं लागेल.

पोळी बोटीतून यायची!

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एवढंच विचारा, "रेशनचा लाल गहू आठवतो का हो?" बहुतेक घरांत पुढचा अर्धा तास कुणाला बोलावंच लागणार नाही. रेशनच्या दुकानापुढच्या रांगा, हातातल्या पिशव्या, 'आज गहू आला नाही' अशी पाटी, आणि आलाच तर तांबूस रंगाचा अमेरिकन गहू किंवा मिलो नावाची परदेशी ज्वारी. तिची भाकरी धड थापता येत नसे आणि पोरं नाकं मुरडत. पण पर्याय काय होता?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात धान्य कमीच होतं. त्याआधी चारच वर्षं, १९४३ साली, बंगालमध्ये इतका भयंकर दुष्काळ पडला होता की लाखो माणसं अन्नावाचून गेली. तसं पुन्हा होऊ नये म्हणून सरकार बाहेरून धान्य आणू लागलं. अमेरिकेत 'पब्लिक लॉ ४८०' नावाचा एक कायदा होता. आपल्याकडं सगळे त्याला 'पीएल ४८०' म्हणत. त्या कायद्यानं आपल्याला डॉलर न मोजता, रुपयांत पैसे देऊन अमेरिकेचा गहू मिळे. ही सोय चांगली होती, पण सोयीची सवय लागते. १९६५-६६ साली पाऊस दगा देऊन गेला. आदल्या वर्षी देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकलं होतं, ते एकदम ७ कोटी २० लाख टनांवर आलं. १९६६ साली तर बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणावं लागलं. गहू बोटीतून उतरायचा आणि लगेच माणसांच्या तोंडी जायचा. कोठारात शिल्लक अशी राहतच नव्हती. एखादी बोट चार दिवस उशिरा आली, की मंत्र्यांची झोप उडे.

त्यात अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन भारतावर नाराज होते. भारताची शेती सुधारत नाही ही एक तक्रार. आणि व्हिएतनाममधल्या युद्धावर भारत अमेरिकेला नावं ठेवतो, ही दुसरी. त्यांनी वर्षाचा करार करायचं थांबवलं आणि गहू थोडा थोडा, महिन्या-दोन महिन्यांपुरता सोडायला सुरुवात केली. विचार करा, शेजारच्या काकूंकडून रोज वाटीभर पीठ आणायचं, आणि काकूंनी रोज आपल्या वागण्याचा हिशेब मागायचा. कसं वाटेल?

पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक जेवण सोडायची विनंती केली होती. लोकांनी ती मनापासून पाळली. सोमवारी रात्री घरोघर चुली पेटत नव्हत्या, हॉटेलंसुद्धा बंद राहत. अनेक घरांत तो उपवास कितीतरी वर्षं चालू राहिला. पण नुसत्या उपवासानं देशाचं पोट कसं भरणार?

नको असलेलं खातं

शास्त्रीजी जून १९६४ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा अन्न आणि शेती हे खातं कुणालाच नको होतं. ज्याच्याकडं ते जाई त्याच्या वाट्याला शिव्याच येत. शास्त्रीजींनी ते सुब्रमण्यम यांच्याकडं दिलं. तोवर ते पोलादमंत्री होते. पोलाद खातं म्हणजे तेव्हाचं मानाचं पान! कारखाने, उद्घाटनं, वर्तमानपत्रांत फोटो. ते सोडून माणूस रेशनच्या रांगांचा वाली व्हायला तयार झाला.

आता हे सुब्रमण्यम मूळचे कोण, ते थोडक्यात सांगतो. 'सी' म्हणजे चिदंबरम. आपण वडिलांचं नाव मधे लिहितो, तमिळ लोक त्याचं आद्याक्षर पुढं लावतात, आणि आडनाव बहुधा लिहीतच नाहीत. त्यांचा जन्म ३० जानेवारी १९१० रोजी कोइमतूर जिल्ह्यात पोल्लाचीजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान शिकलं, मग कायदा. कोइमतूरला वकिली सुरू केली. गांधीजींच्या चळवळीत ते कॉलेजात असल्यापासूनच होते. १९४२ साली तुरुंगातही गेले. आपली राज्यघटना ज्या घटना समितीनं लिहिली तिचे ते सभासद होते.

१९५२ पासून दहा वर्षं ते मद्रास राज्यात मंत्री होते. तिथली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९५४ साली मुख्यमंत्री कोण, यावरून पक्षात निवडणूक झाली. एका बाजूला के. कामराज, दुसऱ्या बाजूला सुब्रमण्यम. सुब्रमण्यम हरले. आता हरलेल्या माणसाला कोण विचारतो? पण कामराज यांनी त्यांनाच मंत्रिमंडळात घेतलं. सुब्रमण्यमही रुसून बसले नाहीत, शिक्षणमंत्री म्हणून कामाला लागले. याच सरकारच्या काळात, १९५६ पासून, मद्रास राज्यातल्या प्राथमिक शाळांत गरीब मुलांना दुपारचं जेवण मिळू लागलं. तुमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजते ना? संपूर्ण देशात ही योजना यायला १९९५ साल उजाडलं.

बुटका गहू

तर हे पदार्थविज्ञान शिकलेले शेतकऱ्याचे चिरंजीव दिल्लीत शेतीमंत्री झाले. त्यांनी पहिली चौकशी केली ती शास्त्रज्ञांची. देशात शेतीचे चांगले शास्त्रज्ञ आहेत की नाहीत? आहेत. मग त्यांचं ऐकतं कोण? कुणीच नाही! शेती संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी शास्त्रज्ञ नसे, सरकारी अधिकारी असे. सुब्रमण्यम यांनी १९६५ मध्ये तिथं डॉ. बी. पी. पाल या गव्हाच्या शास्त्रज्ञाला बसवलं. पालसाहेबांच्या दिल्लीतल्या संस्थेत एक तरुण शास्त्रज्ञ होते, डॉ. एम. एस. स्वामिनाथन. ते एका विलक्षण गव्हाच्या मागं लागले होते.

त्यात विलक्षण काय, ते समजून घ्या. आपला जुना गहू उंच. कमरेच्या वर जाणारा, वाऱ्यावर डोलणारा, दिसायला सुरेख! पण त्याला खत जास्त घातलं की ओंबी जड होई आणि लांब काडीला तिचा भार पेलत नसे. सगळं पीक आडवं पडे. शेतकरी त्याला 'पीक लोळलं' म्हणतात. म्हणजे खत घालावं तर नुकसान, न घालावं तर उत्पन्न नाही! मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं यावर तोड काढली होती. जपानमधल्या एका बुटक्या गव्हाचा गुण त्यांनी मेक्सिकोच्या गव्हात उतरवला. काडी आखूड, पण मजबूत. खत घाला, पाणी द्या, ओंबी कितीही भरू द्या, पठ्ठ्या हलायचा नाही. शिवाय तांबेरा रोगाला तोंड देण्याची ताकदही त्यात होती.

असा गहू भारतात येईल का? शास्त्रज्ञ म्हणाले, येईल. दिल्लीतल्या प्रयोगशेतावर तो आलाच होता. पण प्रयोगशेत वेगळं आणि शेतकऱ्याचं शेत वेगळं. शेतकरी काही पुस्तक वाचून बी बदलत नाही. वर्ष वाया गेलं तर त्याच्या घरात चूल पेटणार नसते. म्हणून शेतकऱ्यांच्याच शेतात, त्यांच्याच हातांनी, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली हा गहू लावून दाखवायचं ठरलं. दिल्लीजवळच्या जौंती गावातले शेतकरी तर नव्या गव्हाचं बियाणंच पिकवू लागले.

आणि मंत्र्यांनी स्वतः काय केलं? नवी दिल्लीत मंत्र्यांचे बंगले मोठे ऐसपैस. पुढं मखमलीसारखी हिरवळ, कडेनं फुलझाडं. सुब्रमण्यम यांनी आपल्या बंगल्याची ती हिरवळ नांगरून काढली आणि तिथं नवा गहू पेरला! येणारा-जाणारा, खासदार, अधिकारी, पाहुणे, सगळ्यांनी दारातच पीक पाहावं. माळीबुवांच्या जिवाला काय वाटलं असेल कोण जाणे. पण लोकांना जे करायला सांगायचं ते आधी आपल्या अंगणात करून दाखवायचं, ही गोष्ट खेड्यातल्या माणसाला चटकन पटते.

सगळीकडून 'नको!'

तुम्हाला वाटेल, इतकी चांगली गोष्ट, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. छे! बहुतेकांनी विरोधच केला. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं म्हणणं थोडंफार खरं होतं.

अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी विचारत, परदेशी खत आणायला डॉलर कुठून आणू? शेतकऱ्याला जास्त भाव द्यायचा म्हणता, मग शहरातल्या गरिबानं काय खायचं? डाव्या विचारांचे खासदार म्हणत, खताचे कारखाने काढायला परदेशी कंपन्यांना बोलवाल आणि देश पुन्हा त्यांच्या मुठीत जाईल. आणखी काहींचं म्हणणं, पाणी आणि खत ज्याला परवडेल तोच शेतकरी मोठा होईल, लहान शेतकरी मागं पडेल. काही शास्त्रज्ञही बिचकत होते. सगळ्या देशात एकाच जातीचा गहू लावला आणि त्यावर नवा रोग आला तर?

सुब्रमण्यम यांनी या सगळ्यांशी वाद घातले. संसदेत घातले, मंत्रिमंडळात घातले. त्यांचं सांगणं असं की शेतकऱ्याला बियाणं, खत, पाणी आणि भावाची खात्री ही चार चाकं एकदम मिळाली पाहिजेत. एकही कमी पडलं तर गाडी चालणार नाही. म्हणून शेतमालाचे भाव सुचवण्यासाठी १९६५ च्या जानेवारीत एक आयोग बसला. त्याचे पहिले अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला. त्याच महिन्यात शेतकऱ्याचं धान्य विकत घेऊन साठवणारं भारतीय अन्न महामंडळ निघालं. आज रेशनचं धान्य ज्या मोठाल्या गोदामांतून येतं, तेच हे महामंडळ.

नोव्हेंबर १९६५ मध्ये रोमला जागतिक अन्न संघटनेची परिषद होती. तिथं सुब्रमण्यम यांची अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्याशी भेट झाली. दोघांत एक करार झाला. भारत शेतीवर जास्त पैसा खर्च करील, अमेरिका गहू थांबवणार नाही. करार गुप्त ठेवला गेला. बाहेर कळलं असतं तर लोक म्हणाले असते, मंत्री अमेरिकेच्या दमात आले. खरं तर करारात लिहिलेल्या बहुतेक गोष्टी सुब्रमण्यम यांना स्वतःलाच करायच्या होत्या. माझ्या मते त्यांच्या हुशारीची ही कमालच होती. पण अशा गोष्टी चोरून कराव्या लागतात, यावरून देश किती अडचणीत होता तेही कळतं.

बी निघालं प्रवासाला

१९६५ साली मेक्सिकोहून २५० टन बियाणं मागवलं होतं. त्याच्या प्रवासावर एखादा सिनेमा निघेल! मालमोटारी अमेरिकेत लॉस एंजेलिस बंदराकडं निघाल्या, तर ऐन ऑगस्टमध्ये त्या शहरात मोठी दंगल उसळली आणि गाड्या अडकून पडल्या. कशीबशी बोट सुटली. पाकिस्ताननंही बियाणं मागवलं होतं. म्हणजे बियाणं मुंबईला यायचं होतं आणि कराचीलाही जायचं होतं. तेवढ्यात भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं! अखेर बियाणं पोचलं, तर लक्षात आलं की कीड लागू नये म्हणून त्याला दिलेली धुरी जरा जास्तच झाली आहे. निम्मं बी उगवेना. आता? बोरलॉग यांनी कळवलं, पेरताना बी दुप्पट टाका. शेतकऱ्यांनी तसं केलं आणि वेळ निभावली.

हे सगळं चालू असताना ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला शास्त्रीजींचं अचानक निधन झालं. पाठीशी उभा राहणारा पंतप्रधान गेला. नव्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सुब्रमण्यम यांना त्याच खात्यावर ठेवलं. आणि त्यांनी सगळ्यात मोठं धाडस केलं ते याच वर्षी. २५० टन नव्हे, तब्बल १८,००० टन बियाणं मेक्सिकोहून मागवलं! तिजोरीत डॉलरचा खडखडाट, वर्षभरात निवडणूक, आणि बियाणं फसलं तर दोष द्यायला एकच माणूस. अशा वेळी पुष्कळ मंत्री म्हणतात, "जरा थांबू, पाहू, समिती नेमू." थांबायला वेळच नव्हता. १९६६ सालीही पाऊस आला नाही. बिहारात विहिरी आटल्या.

फक्त गहूच नव्हे बरं का. भात, ज्वारी, बाजरी आणि मका यांच्याही नव्या जाती याच मोहिमेत होत्या. आपल्या महाराष्ट्रात संकरित ज्वारी आली ती याच सुमारास. शेतकरी तिला नुसतं 'हायब्रीड' म्हणायचे. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यापुढं जाहीर केलं होतं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या! हायब्रीडची भाकरी आजोबांना फारशी आवडली नसेल, पण तिनं पोती भरली.

पीक येण्याआधीच

फेब्रुवारी १९६७ मध्ये निवडणूक झाली. सुब्रमण्यम आपल्या कोइमतूरच्या भागातून उभे होते. समोर द्रमुक पक्षाची लाट. त्यांच्या प्रचारातला एक मुद्दा कोणता होता, ठाऊक आहे? तांदूळ! आम्हाला निवडून द्या, रुपयाला तीन मापं तांदूळ देऊ. लोक टंचाईला कंटाळले होते. आणि देशाचा अन्नमंत्री तर समोरच उभा होता, मग राग काढायचा कोणावर? मद्रास राज्यात काँग्रेसची पार धूळधाण झाली. स्वतः कामराजसुद्धा पडले. सुब्रमण्यमही पडले. मंत्रिपद गेलं, खासदारकी गेली.

आणि मग आला १९६८ चा उन्हाळा. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात गव्हाची कापणी सुरू झाली आणि लोक चक्रावून गेले. त्या हंगामात देशात सुमारे १ कोटी ६५ लाख टन गहू झाला. आधीचा उच्चांक होता सव्वा कोटीच्या आसपास. ठेवायचा कुठं? पोती पुरेनात, बैलगाड्या पुरेनात, रेल्वेचे डबे पुरेनात. पंजाबात काही गावांत शाळांना चक्क सुट्टी दिली आणि वर्गांत गहू भरला! (आता तुम्हाला क्रांतीत रस वाटू लागला असेल.) त्या वर्षी टपाल खात्यानं गव्हाच्या क्रांतीचं तिकीट काढलं. अमेरिकेतल्या एका अधिकाऱ्यानं अशा बदलांना 'हरितक्रांती' हा शब्द वापरला आणि तो जगभर झाला. बोरलॉग यांना १९७० साली नोबेल शांतता पारितोषिक मिळालं.

तेव्हा सुब्रमण्यम कुठल्याच खुर्चीवर नव्हते.

लाल गव्हाचं काय झालं, हेही सांगायला हवं. मेक्सिकन गव्हाचा दाणा तांबडा होता आणि आपल्याला पोळी हवी पांढरीशुभ्र. मग आपल्याच शास्त्रज्ञांनी त्या वाणांतून निवडून पिवळसर, टपोऱ्या दाण्याच्या जाती काढल्या. कल्याणसोना आणि सोनालिका ही त्यांची नावं. शेती असलेल्या घरातल्या आजोबांना ती नक्की माहीत असतील.

या क्रांतीनं सगळं गोडच केलं असं मात्र समजू नका. ज्यांनी तेव्हा शंका काढल्या होत्या त्यांच्या काही शंका पुढं खऱ्या ठरल्या. पंजाबात जमिनीखालचं पाणी खूप खोल गेलं. खतं आणि औषधं गरजेपेक्षा जास्त पडू लागली. ज्याच्याकडं पाटपाणी किंवा विहीर, त्याचं भलं झालं. कोरडवाहू शेतकरी, म्हणजे आपल्या मराठवाड्या-विदर्भातला बहुतेक शेतकरी, मागं राहिला. गहू-तांदळाच्या धांदलीत डाळी आणि नाचणी-वरीसारखी धान्यं बाजूला पडली. स्वामिनाथन यांनीच १९६८ साली असे धोके बोलून दाखवले होते. २०२३ साली तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं करून सगळ्या जगाला बाजरी-नाचणीची आठवण द्यावी लागली. पण १९६६ साली बोटींची वाट पाहणाऱ्या देशात आज वर्षाला ११ कोटी टनांहून जास्त गहू पिकतो, हेही तितकंच खरं.

राजभवनातले सी. एस.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९७१ मध्ये ते पुन्हा लोकसभेत आले. नियोजन, उद्योग अशी खाती त्यांनी सांभाळली. १९७४ ते १९७७ ते देशाचे अर्थमंत्री होते. खेड्यांतल्या लहान माणसाला कर्ज मिळावं म्हणून प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या त्या याच काळात, १९७५ साली. (आणीबाणीची ती वर्षं होती आणि ते त्या सरकारातच होते, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.) १९७९ मध्ये चरणसिंग यांच्या अल्पायुषी सरकारात ते थोडे महिने संरक्षणमंत्री झाले. मग दहा वर्षं कुठलंच मोठं पद नाही.

फेब्रुवारी १९९० मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. वय वर्षं ऐंशी!

राज्यपाल म्हणजे काय, हे नागरिकशास्त्रात तुम्ही वाचलं असेलच. त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. ते मुख्यमंत्र्यांना शपथ देतात, विधिमंडळानं केलेल्या कायद्यांवर सही करतात, आणि राज्याच्या विद्यापीठांचे कुलपती असतात. मुदत पाच वर्षांची. पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. थोडक्यात, दिल्लीचं सरकार नाराज झालं तर खुर्ची कधीही जाऊ शकते. मुंबईचं राजभवन मलबार हिलच्या टोकाला, तीन बाजूंनी समुद्र. तिथं निवांत बसून लाटा मोजल्या असत्या तरी त्या वयात त्यांना कुणी नाव ठेवलं नसतं.

त्यांच्या काळात १९९० मध्ये शरद पवार आणि १९९१ मध्ये सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले. १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी मुंबईच्या लोकांना कधीच विसरता येणार नाहीत, इतक्या भयंकर दंगली तेव्हा झाल्या. त्याच जानेवारीत सुब्रमण्यम यांनी राज्यपालपदाचा राजीनामा दिला. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल त्यांनी टीकेचे उद्गार काढले होते. त्यावरून वादळ उठलं आणि ते खुर्ची सोडून मोकळे झाले. राज्यपालानं असं बोलावं का, यावर घरातली मोठी माणसं आजही दोन्ही बाजूंनी भांडू शकतील. राज्यपालानं राजकारणापासून लांब राहावं, असा संकेत आहे आणि तो योग्यच आहे.

त्यांना मात्र ही सवय जुनीच होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये, म्हणजे गव्हाच्या ऐन धामधुमीत, हिंदीच्या प्रश्नावरून मद्रास राज्यात आंदोलन पेटलं होतं. विद्यार्थी रस्त्यावर होते, गोळीबार झाला होता. तेव्हाही सुब्रमण्यम यांनी केंद्रातल्या मंत्रिपदाचा राजीनामा शास्त्रीजींच्या हातात ठेवला होता. हिंदी लादली जाणार नाही, असं शास्त्रीजींनी आश्वासन दिलं, तेव्हा तो मागं घेतला. तो मागं घेतला गेला नसता तर हिरवळीवरच्या गव्हाची गोष्ट कुणाच्या नावावर लागली असती, की लागलीच नसती, कोण सांगणार?

१९९८ साली भारत सरकारनं त्यांना 'भारतरत्न' दिलं. गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनाही त्याच वर्षी. नरसिंह राव आणि स्वामिनाथन या दोघांनाही हा सन्मान पुढं २०२४ साली मिळाला, दोघांच्याही निधनानंतर.

वयाच्या नव्वदाव्या वर्षी, २००० साली, सी. एस. यांनी लहान शेतकऱ्यांना नव्या पद्धती शिकवण्यासाठी नॅशनल अॅग्रो फाउंडेशन नावाची संस्था काढली. नव्वदाव्या वर्षी संस्था! त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला चेन्नईत त्यांचं निधन झालं. उत्तरेकडं तेव्हा रब्बीच्या गव्हाची पेरणी चालू होती.